आखूड पडलेला गोळा

बौद्धाचार्य गृहप्रवेशाचा परित्राण पाठ आटोपून निघाले आणि वारंगा फाट्यावरच्या नव्या घरात सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. सकाळपासून माणसं शहाण्यासारखी बसली होती. पाहुणे खीर खाऊन, भिंतींना हात लावून, रंग बरा घेतला असं म्हणून आपापल्या वाटेनं गेले. आता उरली घरचीच माणसं. मुंजाजी, त्यांची बायको जनकाबाई, जवळा बाजारहून आलेली थोरली लेक रुपा, आणि हे घर ज्यांचं ते रत्नपाल आणि ऐश्वर्या. घरचीच माणसं उरली की या कुटुंबात हमखास काहीतरी निघतं, त्यामुळं जनकाबाईंनी आधीच तांब्या भरून जवळ ठेवला होता.

मुंजाजींनी ओसरीत खुर्ची टाकली आणि महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांकडं तोंड करून बसले. घर लेकाचं असलं तरी पहिली खुर्ची आपली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्यांची बोलायची रीत घराला पाठ होती. पायदळाच्या पलटणीत त्यांची सगळी नोकरी मोर्टारवर गेली. सरकारी मराठीत त्याला उखळी तोफ म्हणतात. डोंगराच्या आड बसायचं, समोरचं काही दिसत नाही, आणि पुढं गेलेला आपला माणूस रेडिओवर जो आकडा सांगेल त्यावर गोळा टाकायचा. पहिला गोळा बहुधा लागत नाही आणि तो लागावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. एक लांब पडतो, एक आखूड पडतो, मग पुढचा माणूस दोन्हींच्या मधला आकडा सांगतो आणि काम होतं. मुंजाजींनी ही रीत पेन्शनीबरोबर घरी आणली. सोयरीक असो की शेताचा बांध, ते आधी काहीतरी अचाट बोलत, मग बरोबर त्याच्या उलट, आणि ऐकणाऱ्यानं तोवर दम धरला तर तिसऱ्या खेपेला माणसात येत. जनकाबाईंचा अर्धा जन्म तिसऱ्या वाक्याची वाट बघण्यात गेला होता.

रत्नपाल बापाच्याच पलटणीत भरती झाला, बापाच्याच मोर्टार प्लाटूनमध्ये गेला आणि आता हवालदार होता. पुढं जाऊन, दुर्बीण लावून आकडा सांगणारा माणूस तो. आणि मागं नळीवर, म्हणजे मोर्टारवर, तो आकडा लावणारा एक नंबरचा जवान म्हणजे रुपाचा सुमेध. अग्निवीर म्हणून गेला होता, तिसरं वर्ष चालू होतं. मामा पुढं आणि भाचा मागं, हे मुंजाजी फाट्यावरच्या प्रत्येक चहावाल्याला सांगून चुकले होते.

रत्नपालचा फोन वाजला तेव्हा तो ओसरीतून उठला आणि गच्चीवर गेला. कॅप्टन साहेबांचा फोन होता.

"रत्नपाल, घर का पूजा-पाठ हो गया? मुबारक हो."

"जी साब. हो गया."

"सुनो, शाम तक मुझे नाम ऊपर भेजने हैं. सुमेध के बारे में तुमने जो कहा था, वो पक्का है ना? हाथ स्थिर नहीं रहता. यही लिख रहा हूँ."

समोरच्या रानात हळद हिरवीगार उभी होती आणि त्याच्या पलीकडं कोणीतरी तुरीत फवारणी करत होतं.

"साब, शाम को बताता हूँ."

"इसमें बताना क्या है? तुमने देखा है, तुम कह रहे हो, बस. लिख दिया तो फिर हटेगा नहीं, इसलिए पूछ रहा हूँ."

"जी साब. शाम को."

फोन ठेवून तो वळला तर टाकीच्या मागं ऐश्वर्या उभी होती. ती टाकीचा कॉक बघायला आली होती. गोळ्यांच्या आवाजानं रत्नपालचा उजवा कान मंद झाला होता, म्हणून त्याच्या फोनचा आवाज कायम चढवलेला असायचा, आणि त्याच्याशी बोलणाऱ्याचं कोणतंही बोलणं खासगी राहत नसे.

"कोणाचा हात स्थिर राहत नाही?" ऐश्वर्यानं विचारलं. ती आखाडा या जवळच्या गावच्या दवाखान्यात नर्स होती आणि प्रश्न विचारताना तिचा आवाज रोग्याला विचारावं तसा यायचा.

"काही न्हाई. पलटणीचं काम."

"सुमेधचं नाव ऐकलं मी."

रत्नपाल कठड्याला टेकला. तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि गेले काही दिवस हे एकट्यानंच वागवून तो दमलाही होता.

"पलटण बदलून राहिली," तो म्हणाला. "ड्रोनची प्लाटून नवी उभी करायची, माणसं बाहेरून येणार न्हाईत. आपल्यातूनच काढायचीत. मोर्टारमधून जास्त. नळ्या कमी करणार. ज्या नळीवर शिकलेली माणसं पुरी हायेत ती राहील, बाकीच्या जमा. सुमेध गेला की माझी नळी गेली."

"आणि तुम्ही?"

"पुढं जाऊन बघायचं काम आता ड्रोन करतंय. नळीबी न्हाई आन् बघायचंबी न्हाई, तर मी काय करणार? कोतीत बसवतील. कोठारातल्या बंदुका मोजायला."

"म्हणून तुम्ही सांगितलं की पोराचा हात थरथरतो."

"तेवढ्यासाठी न्हाई," तो घाईनं म्हणाला. "ड्रोनवाली पोरं पुढच्या तुकडीसंगं जातात. लोकाला वाटतं मागं खोलीत बसून टीव्ही बघतात. न्हाई. त्यायले जवळ जावं लागतं, आन् समोरचा पहिले त्यायलेच हुडकतो. आक्काचं एकुलतं लेकरू हाये."

ऐश्वर्यानं ते ऐकून घेतलं. दोन्ही कारणं खरी होती हे तिला कळत होतं. त्यातलं कोणतं आधी आलं हे रत्नपालला स्वतःला तरी ठाऊक आहे का, याची तिला खात्री वाटेना.

"आणि तो शेरा? चार वर्षं झाली की चौघा अग्निवीरांतला एकच कायम ठेवणार ना? हात थरथरतो असं लिहिल्यावर कोण ठेवेल?"

"ते मी दुरुस्त करणार होतो. नावं एकदा गेली की सांगायचं, साब, सराव घेतला, आता बरा हाये. तवर साहेब लिहितील असं वाटलं नव्हतं."

"ताईंना आजच सांगा," ऐश्वर्या म्हणाली, आणि कॉक तसाच सोडून खाली गेली.

खाली रुपा चुलीपाशी, म्हणजे नव्या गॅसच्या ओट्यापाशी, भाकरी थापत होती. रुपाला या घरात येऊन जितका आनंद झाला होता तितकंच आत कुठंतरी दुखत होतं, आणि दोन्ही तिनं पिठात मळून टाकलं होतं. तिचा नवरा पुण्याला एका गोदामावर रखवालीला होता, त्याला रजा मिळाली नव्हती. जवळा बाजारला ती अंगणवाडीत मदतनीस होती. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. आबा पहिल्यांदा म्हणाले होते, पोरीच्या जातीनं दवाखान्यात रात्रपाळी करायची न्हाई. दुसऱ्यांदा म्हणाले, जायचं तर थेट मुंबईलाच जा, इथं काय ठेवलंय. तिसरं वाक्य यायच्या आत सोयरीक जमली. आता ओट्याच्या पलीकडं भावाची नर्स बायको कांदा चिरत होती, आणि रुपाचा तिच्यावर राग नव्हता. राग धरायचं माणूस ती नव्हतीच.

"ऐश्वर्या, एक विचारू?" रुपा म्हणाली. "हात थरथरायला काय कारण असतं गं? तरण्या पोराला?"

ऐश्वर्याची सुरी थांबली.

"काहून विचारताय?"

"सुमेधचा फोन आला होता. म्हणे, माय, मी लहान असताना माझा हात थरथरायचा का? म्या म्हणलं, न्हाई बा. तू तर तिसरीत मला सुईत दोरा ओवून द्यायचा. तर गप बसला. मला तवापासून घोर लागून राहिला. रक्त कमी असंल का? का मिरगी-बिरगी?"

"त्याला काही झालेलं नाही, ताई."

"तुला काय ठाऊक?"

ऐश्वर्यानं कांदा ताटात लोटला. नणंदेला आत्ताच सांगून टाकावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जे रत्नपालनं केलं ते रत्नपालनंच सांगावं, एवढा मान तिला नवऱ्याला द्यायचा होता. आज तेवढाच.

"जेवायला बसल्यावर यांनाच विचारा," ती म्हणाली. "ते रोज बघतात त्याला."

जेवणं खोलीतच, खाली बसून झाली. नव्या फरशीवर ताटं सरकत होती म्हणून जनकाबाईंनी सगळ्यांच्या ताटाखाली चिंधी दिली. रुपानं भावाला आग्रहानं वाढलं आणि विषय काढला. हाताचा विषय नाही. तो तिला चारचौघांत काढवेना.

"रतन, सुमेध म्हणतो, तुमच्यात ड्रोनची प्लाटून होऊन राहिली. तेला त्याच्यात घाल."

रत्नपालनं घास तोंडातच ठेवला. मुंजाजींनी मात्र ताट बाजूला सारलं. ही संधी त्यांना आयतीच मिळाली होती.

"नळी सोडायची न्हाई," ते म्हणाले. "मी हाये तवर या घरातलं पोरगं नळी सोडणार न्हाई."

"आबा, तुमचा पहिला झाला," रुपा म्हणाली. "दुसरा टाका लवकर, भाकरी गार होतेय."

"न्हाई तर मग सोडूच दे सगळं. येऊ दे घरी. पान टपरी टाकू म्हणाव फाट्यावर."

जनकाबाईंनी मान न उचलता भाजी वाढली. "आता तिसरं बोला," त्या म्हणाल्या.

मुंजाजींना असं अडवलेलं आवडत नसे, पण लेकीपुढं त्यांचं फार चालत नसे.

"हे बघ रुपा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मोठ्या तोफा मागं असतात. लांब. त्या दुसऱ्याच्या असतात. मागाव्या लागतात. तुझी कंपनी अडकली, तू वायरलेसवर मागितलं, त्याला दुसरीकडं काम असलं तर तो देतो म्हणून सांगतो आन् तू बसतो वाट बघत. मोर्टार आपला असतो. आपल्या कर्नलचा, आपल्या पोरायचा. तिकडं श्रीलंकेत आमची कंपनी केळीच्या बागेत अडकली. तोफा मिळाल्या न्हाईत. आमी होतो म्हून माणसं माघारी आली. आता नळ्या कमी करून राहिले म्हणतो रतन. मला हे बराबर दिसत न्हाई."

"ड्रोन न्हाई का आपला?" रुपानं विचारलं. "तोबी पलटणीचाच असंल ना?"

"वारं सुटलं की?" मुंजाजी म्हणाले. "धुकं पडलं की?"

सगळे रत्नपालकडं बघू लागले. हा प्रश्न त्याच्या पोटापाण्याचा होता आणि तो त्याबाबत खोटं बोलणार नव्हता.

"दोनीबी खरं हाये," तो म्हणाला. "मागल्या रेंजच्या सरावाला वारं इतकं होतं की दुसऱ्या पलटणीच्या ड्रोनवाल्यायनं डबे उघडलेच न्हाईत. आमी दिवसभर गोळे टाकले. पण त्याच्या आधी, आभाळ साफ असताना, त्या पोरायनं पहिल्याच झटक्यात ठोकलं. लांब न्हाई, आखूड न्हाई. पहिलंच. मी दुर्बीण धरून उभा होतो, मला सांगायला कामच राहिलं न्हाई. नवीन पोरं हसत होती. म्हणत होती, हवालदार साब, तुमचे दोन गोळे तर वायाच जातात."

"हसू दे," मुंजाजी म्हणाले.

"हसायसारखं होतं, आबा."

रुपानं हे ऐकून घेतलं. तिला जे हवं होतं ते यातच होतं.

"मग मी काय वेगळं म्हणून राहिले? ते नवं हाये, तेच चालणार हाये. उद्या त्याला कायम ठेवलं तर बरंच. न्हाई ठेवलं तरी हातात कला राहील. आमच्या जवळ्यात सोयाबीनवर, हळदीवर ड्रोननं फवारून राहिले. लग्नात उडवून राहिले. मोर्टार शिकून आला तर गावात काय टाकणार, गोळे? आन् पुन्हा मागं बसून काम. लेकरू जिवाला तरी सुखी राहील."

"मागं न्हाई, आक्का." रत्नपालनं ताट सरकवलं. "पुढं जावं लागतं. पहिल्या तुकडीसंगं. समोरचा आधी त्यालाच हुडकतो."

रुपाला हे नवं होतं.

"तूबी पुढंच जातो ना? दुर्बीण घेऊन?"

"व्हय."

"तुला कोणी अडवलं का? मायनं अडवलं? मी अडवलं? तू जातो तवा मी पंचशील म्हणत बसते. तेच करीन. सुमेधला जायचंय. त्याचा जीव हाये त्याच्यात. मला तीन महिन्यांपासून तेच सांगून राहिला. माय, माझा हात चांगला बसतो म्हणे त्याच्यावर." ती इथं थांबली, कारण बोलता बोलता ती त्याच विषयापाशी आली होती जो तिला काढायचा नव्हता. "आन् परवा फोन करून उलटंच विचारलं. माझा हात लहानपणी थरथरायचा का म्हणे. रतन, त्याला काही झालं का? तू रोज बघतो. माझ्यापसून लपवू नको."

ऐश्वर्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि न ओतताच परत ठेवला. रत्नपालनं एकदा तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर हटवली नाही.

"त्याला काही झालं न्हाई," रत्नपाल म्हणाला. "त्याचा हात दगडासारखा हाये. सगळ्या प्लाटूनमधी तसा हात कोणाचा न्हाई. मीच साहेबाला सांगितलं, हात थरथरतो म्हून. त्याला ड्रोनमधी घेऊ नये म्हून."

रुपाला एकदम समजलं नाही. तिनं ते मनात परत एकदा ऐकलं असावं.

"काहून?"

"त्याच्या जिवाला भेलो. आन् तो गेला की माझी नळी जाती. मला कोतीत बसवतील."

एवढं सरळ सांगितलेलं ऐकून ऐश्वर्यालाही आश्चर्य वाटलं. तिला वाटलं होतं की तो पहिलंच कारण सांगेल आणि दुसरं गिळेल.

"मी ते मागं घेणार होतो," रत्नपाल म्हणाला. "नावं गेली की. आता साहेब कागदावर घेऊन राहिले. संध्याकाळपर्यंत."

"मग त्यात एवढं काय," मुंजाजी मध्येच म्हणाले. लेकाला असं उघडं पडलेलं त्यांना बघवेना. "पहिला गोळा आखूड पडला, एवढंच. दुरुस्त कर. साहेबाला सांग, सराव घेतला, बरा हाये. असं चालतं पलटणीत."

"आबा, ते माझं लेकरू हाये," रुपा म्हणाली. "ते काय माळरान हाये का, आधी एक टाकून बघायला?"

मुंजाजी लेकीवर चिडले असते, पण जनकाबाईंनी त्यांना वेळ दिला नाही. त्या एरवी भांडणात कुणाचीच बाजू घेत नसत. भांडण झाल्यावर दोन्हीकडं जेवायला वाढायचं असतं, असा त्यांचा हिशेब.

"ती बराबर बोलून राहिली," जनकाबाई म्हणाल्या. "तुमी पोरीला नर्सिंगचं असंच केलं. तुमच्या मनात धाडायचं होतं, मला ठाऊक हाये. पण आधी न्हाई म्हणायचं, मग हो म्हणायचं, मग मधलं सांगायचं. तवर तिच्या अंगाला हळद लागली. तुमचं मधलं तुमच्याच तोंडात राहिलं. आता हा तेच शिकला."

इतक्या वर्षांत हे या घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मुंजाजींनी बाजूला सारलेलं ताट पुन्हा पुढं ओढलं. रुपाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा राग आला, कारण तिला आत्ता रडायचं नव्हतं, तिला भावाला बोलायचं होतं.

"लाव फोन साहेबाला," ती म्हणाली. "माझ्यासमोर. आन् सराव-बिराव काही सांगायचं न्हाई. खरं सांग."

"आक्का, खरं सांगितलं तर माझ्यावर..."

"व्हय. तुझ्यावर."

रत्नपालनं बापाकडं पाहिलं. मुंजाजी फरशीकडं बघत होते. मग त्यानं ऐश्वर्याकडं पाहिलं, आणि तिनं त्याचा फोन खिडकीतून उचलून त्याच्या हातात दिला. त्याच्या बाजूनं असणं म्हणजे आत्ता हेच, असं तिला वाटत होतं, पण हे त्याला कळेल का याची तिला काळजीही होती.

फोन लागला. आवाज नेहमीसारखा चढलेलाच होता, स्पीकर लावायची गरज पडली नाही.

"साब, सुमेध के बारे में. मैंने गलत बोला था."

"क्या मतलब, गलत देखा था?"

"नहीं साब. देखा ठीक था. हाथ एकदम ठीक है उसका. मैंने झूठ बोला. मेरा भांजा है, डर गया था. और ट्यूब भी छोड़नी नहीं थी मुझे."

फाट्यावरून एक ट्रॅव्हल्स हॉर्न वाजवत नांदेडकडं गेली.

"रत्नपाल, मैंने लड़के को चार दिन पहले बुलाकर बता दिया था. पूछा भी था कि तुझे क्या लगता है. पता है क्या बोला? बोला, साब, हवलदार साब ने देखा है तो सही देखा होगा." पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "ठीक है. उसका नाम डालता हूँ. वो बात नहीं लिखूँगा. तुम छुट्टी से आकर मुझसे मिलो. ट्यूब का फिर तुम जानते ही हो."

"जी साब. जानता हूँ."

फोन बंद झाला. रुपानं पदरानं तोंड पुसलं. काम झालं होतं, लेकराचं नाव जाणार होतं. मुंजाजींनी खाकरून घसा साफ केला. आता सगळं मार्गी लागलं, पोरीनंही मन मोठं करावं, असं काहीतरी त्यांना सुचत होतं. जनकाबाईंनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"आता त्याला लाव," रुपा म्हणाली.

"सुमेधला?"

"मग कोणाला? चार दिवस झाले लेकरू आपला हात बघून राहिलं. त्याला तूच सांग."

रत्नपालला हे कॅप्टन साहेबांपेक्षा जड गेलं. त्यानं नाव शोधायला उगाच वेळ लावला. सुमेधनं मात्र पहिल्याच घंटेला उचललं. मामाचा फोन तो कधी वाजू देत नसे.

"मामा, जय भीम. घर झालं का? फोटो धाडा ना."

"धाडतो. ऐक. तुझं नाव ड्रोनमधी जाऊन राहिलं. साहेबाशी बोललो आता."

"माझं?" पोराचा आवाज एकदम खाली आला. "पण मामा, हात... मी रोज पाण्यानं भरलेला पेला धरून बघून राहिलो. पाणी हलत न्हाई. मला वाटलं, मलाच दिसत नसंल. तुमाला दिसलं म्हणजे हाये. मी तर डॉक्टरकडंबी जाणार होतो."

"तुझा हात हलत न्हाई," रत्नपाल म्हणाला. "कधीच हलला न्हाई. मी साहेबाला खोटं सांगितलं."

खोलीत सगळे ऐकत होते. पलीकडून बराकीतला पंख्याचा आवाज येत होता, कोणीतरी लांबून कोणाला तरी हाक मारली. सुमेध काही विचारेल, चिडेल, निदान का म्हणेल, असं रत्नपालला वाटलं. त्याच्याकडं उत्तर तयार होतं. आज ते तीनदा देऊन झालं होतं.

"मामा," सुमेध म्हणाला, "मागल्या वर्षी रेंजवर आपली कंपनी पुढं चालत होती. तुमी आकडा दिला. मला तो आपल्याच माणसांच्या फार जवळचा वाटला होता. तरी मी लावला. तुमी सांगितला म्हून लावला."

"तो आकडा बराबर होता, सुमेध. कंपनी सुखरूप गेली ना?"

"व्हय, गेली." तो थांबला. "पण तुमाला तवा दिसत होतं का? का तवाबी आधी एक टाकून बघत होता?"

"दिसत होतं. तुझी शपथ."

मुंजाजींनी मान वर केली. जनकाबाई लेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. रत्नपाल फोन दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि पोरगं 'जी मामा' म्हणेल याची वाट बघत होता. आजवर प्रत्येक आकड्यावर ते तसंच म्हणत आलं होतं.

"बरं," सुमेध म्हणाला. "मायला द्या."

रत्नपालनं फोन पुढं केला. रुपानं तो घेतला, कानाला लावला, आणि भावाकडं न बघता, लेकराशी हळू आवाजात बोलत नव्या घराच्या पायऱ्या उतरून रस्त्याकडं गेली.